पोट वेगळे, वजन वेगळे

परवा कांदेनवमी झाली. भजी, कांद्याची थालीपिठे, भरली वांगी असा सगळा ऐवज रिचवून कांदा-लसूण-वांग्यांना चार महिन्यांची रजा देणारी घरे पूर्वीइतकी राहिली नाहीत, पण संपलेलीही नाहीत. आज आषाढी एकादशी. देव निजणार आणि चातुर्मास लागणार. कुणी कांदा-लसूण सोडेल, कुणी एकभुक्त राहील, कुणी चार महिने पायात चप्पल घालणार नाही. आणि अलीकडे दरवर्षी दिसते तसे, ‘या चातुर्मासात दहा किलो उतरवायचेच’ असाही नेम कुणीतरी धरील. यांतल्या ज्यांचे पोट आधीच कुरकुरते आहे, त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

अशी माणसे थोडी नाहीत. दूध प्यायले की पोटात गुडगुडणारे, उसळ खाल्ली की संध्याकाळपर्यंत पँटचे बटण सैल करून बसणारे, सकाळी तीनदा जाऊनही ‘पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही’ म्हणणारे, वर्षानुवर्षे उपाशीपोटी पित्ताची गोळी घेणारे, आणि ज्यांना गहू खरोखरच वर्ज्य आहे असे सिलिॲक रुग्ण. यांतल्या अनेकांचे वजनही वाढलेले असते, कारण ते तसे सगळ्यांचेच वाढले आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. ही मोजणीही जागतिक मापाने, म्हणजे बॉडी मास इंडेक्स २५ धरून. आपल्याकडच्या डॉक्टरांनी सुचवलेले माप २३पासून सुरू होते. असा माणूस वजनाच्या दवाखान्यात गेला तर पोटाचे कुणी विचारत नाही, आणि पोटाच्या दवाखान्यात गेला तर ‘जरा वजन कमी करा’ एवढे ऐकून परत येतो. कसे कमी करायचे, हे त्या पोटाकडे बघून कुणी सांगत नाही.

एका परिचित बाईंच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला जिमचा आहारतक्ता आम्ही पाहिला. पहाटे कोमट पाण्यात लिंबू आणि मध. न्याहारीला मोड आलेली मटकी, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा. अकरा वाजता सफरचंद. दुपारी दोन मल्टिग्रेन पोळ्या आणि राजमा. चार वाजता मूठभर फुटाणे. रात्री फ्लॉवर-मशरूमचे सूप, आणि झोपताना साय काढलेले दूध. उष्मांकांच्या दृष्टीने या कागदात खोट काढायला जागा नाही. पण हळव्या पोटाला छळायचेच म्हणून कुणी बसून यादी केली असती, तर ती याहून वेगळी झाली नसती.

मधात आणि सफरचंदात फ्रुक्टोज जास्त. कांद्यात आणि गव्हात फ्रुक्टन. मटकी, राजमा, फुटाण्यांत गॅलॅक्टन गटातल्या शर्करा. फ्लॉवर आणि मशरूममध्ये मॅनिटॉल. दुधात लॅक्टोज, आणि साय काढल्याने जाते ते स्निग्ध. लॅक्टोज जागच्या जागी राहते. या सगळ्या शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत किंवा सगळ्यांच्या शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात पोचल्या की तिथले जीवाणू त्यांवर तुटून पडतात. वायू होतो. वायू सगळ्यांनाच होतो, होऊ द्यावा. पण ज्यांचे आतडे ‘इरिटेबल’ म्हणजे चिडके झालेले असते, त्यांच्या आतड्यातले मज्जातंतू तेवढ्याच वायूने कळवळतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५च्या सुमारास या शर्करांना एकत्र करून फॉडमॅप असे नाव दिले. त्या नावाने आता जगभर आहाराच्या याद्या फिरतात.

बाईंनी तो तक्ता आठवड्यातच सोडून दिला. जिमच्या पोराने निदान केले: ‘मॅडम, तुमच्यात कमिटमेंट नाही.’

आता दुसरे टोक पाहा. आज घरोघरी होणारी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. आपल्याकडचा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. त्यात गहू नाही, डाळ नाही, कांदा-लसूण तर नाहीच. शेंगदाणे आणि बटाटाही या शर्करांच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे गॅसेसने हैराण झालेल्या माणसाला ही खिचडी फारशी फुगवत नाही. छातीत जळजळणाऱ्याला मात्र तिच्यातले तेल-तूप छळते, ती गोष्ट वेगळी. पण वजनाकडून पाहिले तर? शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्याचे सुमारे साडेतीनशे उष्मांक, तेवढ्याच शेंगदाण्यांचे पाचशेच्या वर, तुपाच्या दर ग्रॅमला नऊ. वर दही, बाजूला बटाट्याचा कीस, दुपारी रताळ्याच्या गोड चकत्या. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण कुणा आहारतज्ज्ञाने केलेली नाही, पण हिशेब तिचा चोख आहे.

मटकीने वजन सांभाळले आणि पोट बिघडले. खिचडीने पोट सांभाळले आणि वजन वाढवले. एवढे लक्षात आले तरी पुष्कळ गोंधळ मिटतो. पोटाला काय मानवते आणि वजनाला काय मानवते, हे दोन वेगळे हिशेब आहेत, ते दोन वह्यांत मांडावे लागतात. आपल्याकडे सर्रास एकाच वहीत मांडतात. ‘ग्लूटेन सोडले की वजन उतरते’, ‘दूध बंद केले की पोट सपाट होते’, ही वाक्ये त्या मिसळणीतून आलेली.

गहू सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा एक-दीड किलोने खाली येतो, हे खरे आहे. त्याचे कारण मात्र साधे आहे. पोळी, पाव, बिस्किटे, शेव असे सगळेच एकदम बंद झालेले असते. एकूण पिष्टमय पदार्थ कमी पडले की यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन वापरले जाते, आणि एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. शिवाय आतड्यातला ऐवज कमी होतो, फुगा उतरतो. चरबी अजून तिथेच असते. मग माणूस गव्हाऐवजी ज्वारी धरतो. ते चांगलेच आहे. ज्वारीत ग्लूटेन नाही, ती पोटाला हलकीही पडते. पण ज्वारी, बाजरी आणि गहू, तिन्ही पिठांत शंभर ग्रॅममागे ३२० ते ३५० उष्मांक असतात. दोन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या आणि वर लोण्याचा गोळा आला, तर काट्याने तक्रार का करू नये? आणि ‘ग्लूटेन-फ्री’ असे ठळक छापलेली पाकिटातली बिस्किटे म्हणजे बहुतेक वेळा तांदूळ-मक्याचा स्टार्च, साखर आणि तेल. ती सिलिॲकच्या रुग्णासाठी सोय आहे. बारीक होण्यासाठी ती घेणाऱ्याने निदान पाकिटाची मागची बाजू वाचावी.

ज्यांचे शरीर बाहेरून बारीक दिसते त्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२. भारतीय माणूस वजनात बसतो आणि चरबीत बसत नाही, हे इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी क्वचितच दाखवले असेल. या प्रश्नात कमरेची टेप काट्यापेक्षा अधिक खरे बोलते. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. फक्त टेप सकाळी, रिकाम्या पोटी धरावी. संध्याकाळी धरली तर चरबी मोजली की वायू, हे कळायचे नाही.

मग करायचे काय? इथे चातुर्मासाकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. आपल्या पूर्वजांना फ्रुक्टन माहीत होते, असले काही आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारे लेख आज व्हॉट्सॲपवर पुरेसे येतील. वर्ज्यांच्या यादीत विज्ञान शोधू गेले तर ती लगेच फसते. कांदा-लसूण हे फ्रुक्टनचे मोठे साठे आहेत, त्यामुळे चातुर्मासात पोट हलके वाटल्याचा अनेकांचा अनुभव खरा असू शकतो. पण त्यांच्याच पंगतीत वर्ज्य ठरलेले वांगे या हिशेबात जवळजवळ निर्दोष सुटते. बिचाऱ्याला ‘वातूळ’ म्हणून आपण उगाच शिक्षा केली. घेण्यासारखी आहे ती नेमाची रचना. एक ठरावीक वस्तू सोडायची, मुदत बांधून सोडायची आणि कार्तिकी एकादशीनंतर उद्यापन करून ती पुन्हा ताटात घ्यायची. यांतला तिसरा भाग आजचे डाएटवाले विसरतात.

पोटाच्या तज्ज्ञांची पद्धतही याच बेताची आहे, मुदत मात्र पुष्कळ कमी. संशयितांना दोन ते सहा आठवडे बाजूला ठेवायचे. त्रास कमी झाला, तर एकेक वस्तू, थोड्या प्रमाणात, काही दिवसांच्या अंतराने परत आणायची आणि कुणाचे किती चालते ते पाहायचे. अनेकांना शेवटी एक-दोन गोष्टीच बाधतात, त्याही प्रमाणाबाहेर गेल्या तरच. दुधाचेच घ्या. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांना लॅक्टोज पूर्ण पचत नाही. पण त्यांतल्याही बहुतेकांना बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे कपभर दुधाइतके, जेवणाबरोबर घेतल्यास फारसे बाधत नाही. चहातल्या दोन चमचे दुधाचा धसका घेऊन काळा चहा गिळणाऱ्यांनी हे ऐकावे. विरजण नीट लागलेल्या दह्यात लॅक्टोज कमी असते, आणि जे उरते ते पचवायला दह्यातले जीवाणूच मदत करतात. आजीच्या ताकाला त्यामुळे अजून मरण नाही.

कांदा-लसणाबाबत स्वयंपाकघरातली एक युक्ती सांगण्याजोगी आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. लसणाच्या पाकळ्या तेलात मंद आचेवर परतून, लालसर झाल्यावर काढून टाकल्या, तर फोडणीला वास राहतो आणि उपद्रव पाकळ्यांबरोबर जातो. मात्र आमटी उकळताना त्याच पाकळ्या आत राहिल्या, तर मग नंतर वेचून काही उपयोग नाही. पातीच्या कांद्याची हिरवी पातही चालते, खालचा पांढरा भाग नाही. डाळ किंवा कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दिले तर त्रास थोडा कमी होतो. मटकीऐवजी सालीशिवायच्या मुगाच्या डाळीचे धिरडे, राजम्याऐवजी अंडे, मासा किंवा पनीर, सफरचंदाऐवजी पपई, कच्च्या कांद्याच्या कोशिंबिरीऐवजी काकडी-गाजर: फ्रिजवरचा तो तक्ता एवढ्या बदलांनी निम्म्याहून अधिक सुधारला असता, आणि उष्मांकही फारसे वाढले नसते. ‘शुगर-फ्री’ मिठाई आणि च्युइंगगममधल्या सॉर्बिटॉल-माल्टिटॉलने जुलाब होतात, हे त्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलेही असते. आपण वाचत नाही.

दोन वेळाच जेवावे की दर दोन तासांनी थोडे खावे, यावरून मराठी घरांत काही वर्षांपूर्वी गट पडले होते. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी नेलेला मार्ग एकीकडे, ऋजुता दिवेकरांचा दुसरीकडे, आणि मधोमध लग्नाच्या पंगतीत घड्याळ लावून पंचावन्न मिनिटांत जेवण उरकणारे काका. वजनाच्या वहीत दोघांचेही भले झालेले लोक आहेत. पोटाच्या वहीत मात्र उत्तर ज्याचे त्याचे. दिवसाचे सगळे अन्न दोन ताटांत बसवायचे तर ताट मोठे होते, आणि घशाशी आंबट येणाऱ्याला मोठे ताट, त्यातही रात्रीचे, सोसत नाही. उलट, दोन जेवणांच्या मधल्या रिकाम्या वेळात दर दीड-दोन तासांनी आतड्यातून एक आकुंचनाची लाट जाते आणि उरलेसुरले पुढे ढकलते. तोंड सतत चालू असले की ती लाट थांबते. ज्याचे पोट सदा तुडुंब वाटते त्याने अधूनमधूनचे चरणे कमी करून पाहावे. पंथ निवडण्याआधी आपली तक्रार कोणती, हे ठाऊक असले म्हणजे झाले.

पैसे घेऊन भलतीच वाट दाखवणारेही पुष्कळ आहेत. रक्ताच्या एका नमुन्यावरून शे-दोनशे पदार्थांची ‘सेन्सिटिव्हिटी’ सांगणाऱ्या आयजीजी चाचण्या हजारो रुपयांना विकल्या जातात. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८मध्येच स्पष्ट सांगितले, की ही प्रतिपिंडे तो पदार्थ आपण खातो एवढेच दाखवतात. असह्यतेचा तो पुरावा नव्हे. अहवालात लाल रंगात येतात ते बहुधा आपले रोजचेच पदार्थ. माणूस भात, दूध, अंडी, टोमॅटो सगळे सोडतो. वजन उतरते, आणि त्याबरोबर स्नायू, हिमोग्लोबिन आणि हौसही उतरते. वर्षानुवर्षे पित्ताची गोळी आणि शाकाहार असे जोडून चालले असेल, तर ब-१२चीही तपासणी करून घ्यावी.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत वजन उतरवण्याच्या उपायांत इंजेक्शनांची भर पडली. २०२५च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आले. वजन त्यांनी उतरते, यात वाद नाही. पण जठर रिकामे होण्याचा वेग मंदावणे हे त्यांचे कामच आहे. मळमळ आणि बद्धकोष्ठ हे त्याचे सख्खे शेजारी. ज्याचे पोट आधीच रेंगाळते, त्याने डॉक्टरांना ते आधी सांगावे, औषधाच्या दुकानात गेल्यावर नव्हे. झपाट्याने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, हेही ध्यानात ठेवावे. आठवड्याला अर्धा किलो हा वेग कंटाळवाणा खरा, पण आतड्याला झेपतो.

एका गोष्टीबाबत मात्र थट्टा नको. प्रयत्न न करता वजन उतरू लागले, शौचावाटे रक्त गेले, जुलाबांनी रात्री झोपमोड होऊ लागली, ताप येऊ लागला, रक्त कमी भरले, किंवा पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलली, तर ते डाएटचे यश समजू नये. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग अजून आहे, मधुमेह आणि थायरॉइड आहेत, कर्करोगही आहे. ‘अगं, किती बारीक झालीस!’ हे कौतुक ऐकत काही जणी महिने काढतात. सिलिॲकची शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू खात राहावे. आधीच सोडला तर तपासणी खोटे ‘सर्व ठीक’ सांगू शकते, आणि निदान कायमचे लटकते. ज्यांना हे निदान होते त्यांतल्या अनेकांचे वजन गहू सोडल्यावर वाढते, कारण आतडे बरे होऊन अन्न अंगी लागू लागते. बारीक होण्याच्या फॅशनसाठी गहू सोडणाऱ्यांना ही बाजू ठाऊक नसते.

सिलिॲकच्या रुग्णांसाठी आपल्या गावात काय सोय आहे? हॉटेलातली ज्वारीची भाकरी ज्या परातीत मळली जाते त्यात सकाळी कणीक असते. आमटीतल्या हिंगातही गहू असू शकतो. बांधणीच्या हिंगात मैदा घालतात, डबीवर घटक वाचल्याशिवाय कळत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, पण ती पाकिटाला लागू. कोपऱ्यावरच्या गिरणीला कोण विचारतो? तिथे ज्वारी गव्हावर दळली की या रुग्णाची भाकरी संपली.

आणि याच गिरण्यांत कालपर्यंत काय चालले होते ते आठवावे. अनेक ठिकाणी उपासाच्या दळणाचा दिवस वेगळा, जाते वेगळे. राजगिरा, वरी, शिंगाड्याच्या पिठात गव्हाचा कण पडू नये म्हणून गिरणीवाला जाते झाडून-पुसून घेतो आणि गिऱ्हाईक डबा घेऊन तिथेच उभे राहून पाहते. धर्मासाठी ही काळजी आपण पिढ्यान्‌पिढ्या, कुठल्याही सरकारी आदेशाविना घेत आलो. आठवड्यातला एक वार ‘बिनगव्हाच्या दळणाचा’ म्हणून पाटीवर लिहायला गिरणीवाल्याला फार तर खडूचा तुकडा लागेल. महापालिकांनी आणि गिरणीमालकांच्या संघटनांनी हे याच चातुर्मासात सुरू करावे. जिल्हा रुग्णालयांत पोटाच्या बाह्यरुग्ण विभागाशेजारी आहारतज्ज्ञ बसवणे हे त्यापेक्षा खर्चाचे काम आहे, आणि त्यासाठी आरोग्य खात्याने पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहिली तर आम्ही समजू शकतो. खडूसाठी मात्र वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.